दिवेवालीची बदली

त्याने जमिनीवर उशी टाकली, तिच्यावर मांडी घातली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

"सर्व हक्क राखीव. या पुस्तकातील कोणताही भाग..."

"अहो, ते नाही. गोष्ट वाचा."

"पहिल्या पानापासून वाचा म्हणालीस."

"गोष्टीच्या पहिल्या पानापासून."

ती पलंगावर पालथी होती. डोकं कडेच्या बाहेर, कपाळाखाली स्टूल, स्टुलावर टॉवेलाची वळकटी, आणि नाकाला वारा लागावा म्हणून मध्ये थोडी फट. तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर चढणार आणि पडदा दाबून धरणार, म्हणून तोंड कायम खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, कुणी भेटायला आलं तरी खाली. डावा डोळा जन्मापासूनच आळशी. त्याला उजेड कळे, माणसाचा आकार कळे, अक्षर कळत नसे. म्हणजे जे काही होतं ते उजव्यावरच होतं.

"दिसायला लागेल ना?" त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "बघू." डोळ्याच्या डॉक्टरांनी दुसरा एखादा शब्द वापरायला हवा होता, असं तो घरी येईपर्यंत पुटपुटत होता.

ती शिवणकारखान्यात कटिंगला होती. कापडाच्या थरावर खडूची रेघ मारायची आणि त्या रेघेवरून मशीन फिरवायचं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका घरच्यांची उणीदुणी काढत आणि ती डबा संपवून पिशवीतून पुस्तक काढी. पुस्तक एकाच जातीचं: परग्रहांच्या, जादूच्या, न घडलेल्या काळाच्या छोट्या छोट्या गोष्टी. कारखान्यात तिचं नाव 'ग्रहवाली' पडलं होतं. काजं करणारी तिची मैत्रीण रोज विचारायची, "काय ग्रहवाली, आज कुठे?" आणि ती सांगायची. आज सावल्या भाड्याने देणाऱ्या गावात. आज तीन चंद्र असलेल्या बेटावर.

त्याला या पुस्तकांचं कधी काही वाटलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर जे वाचलं ते माहितीपत्रक किंवा इशारा. त्यामुळे तो वाचतही तसाच होता, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, समोरच्याने तेवढं केलं की नाही हे बघितल्यासारखा.

"बेटावर तीन चंद्र उगवले," त्याने वाचलं आणि थांबला. "तीन? मग भरती कुणाचं ऐकून येणार?"

"पुढे आहे ते."

पुढे नव्हतं. तो अख्खा चहा संपेपर्यंत नाराज होता. दुसऱ्या गोष्टीत एक म्हातारा ढगात जिना बांधता बांधता खाली पडला. त्या जिन्याला कठडा नाही यावर त्याने एवढं भाषण दिलं, की ती हसली आणि मग हसू दाबावं लागलं, कारण डोकं हलवायचं नव्हतं.

मुलीने परगावाहून फोनवर ऐकायच्या गोष्टी पाठवल्या होत्या. वाचणाऱ्या बाईचा आवाज लोण्यासारखा होता. तिने थोडा वेळ ऐकल्या आणि म्हणाली, "बंद करा. हिला कशाचंच काही वाटत नाही."

"मग एकच जाड गोष्ट घेऊ का? रोज नवी माणसं, नवं गाव. लक्षात ठेवून डोकं दुखतं माझं."

"जाड कादंबरी म्हणजे सासर," ती खाली बघत म्हणाली. "एकदा शिरलं की सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं. ही गोष्ट म्हणजे मैत्रिणीकडे जाऊन येणं. तासभर बसायचं, तिचं घर बघायचं, आवडलं तर पुन्हा जायचं. आणि परत आल्यावर आपलं घर थोडं वेगळं दिसतं."

तिला त्याचे गुडघे दिसत, म्हणजे दोन काळसर गोळे दिसत. ते गोळे थोडे जवळ सरकले.

हळूहळू त्याचं थांबणं कमी झालं. एका दुपारी ती डुलकीतून जागी झाली तेव्हा तो मनातल्या मनात पुढचं वाचत होता. पान उलटल्याचा आवाज आला.

"चोरून वाचताय?"

"नाही. बघत होतो, त्या म्हाताऱ्यासारखं आणखी कुणी पडतंय का."

तपासणीच्या आदल्या दिवशी दिवेवालीची गोष्ट आली. ही तिला पाठ होती. डब्याचा वास लागलेलं ते पान तिने इतक्यांदा वाचलं होतं, की वाक्यं त्याच्या तोंडून निघण्याआधी तिच्या मनात येत. दोन ताऱ्यांमधल्या अंधारात जहाजांसाठी एक दिवा आहे. तो बिघडतो. दुरुस्तीला एक बाई एकटी जाते, नवऱ्याला सांगते, संध्याकाळपर्यंत येते. तिथे गेल्यावर तिला कळतं, की दिवा दुरुस्त होतो, पण हाताने धरून ठेवला तरच जळतो. हात सोडला की विझतो. आणि जहाजं तर येतच असतात.

तो वाचत होता. बाईने पहिलं जहाज सोडलं, दुसरं सोडलं. खाली नवरा अंगणात खुर्ची टाकून बसला. त्याचे केस पांढरे झाले. आता शेवटचं पान. तिथे नवरा आकाशात बघतो, त्याला एक बारीक ठिपका दिसतो, तो हात वर करतो, आणि गोष्ट संपते. बाई परत येत नाही. दर वेळी त्या हाताशी तिचा घास अडकायचा.

पान उलटलं. तो वाचायचा थांबला.

खालच्या रस्त्यावरून कुणी गाडी ढकलत गेलं. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. शेवटापर्यंत मुकाट्याने नजर फिरवणाऱ्या माणसाचा श्वास.

"काय झालं?"

"काही नाही. अक्षर बारीक आहे." त्याने घसा साफ केला. "तर... मग एक दिवस त्या बाईला मागे दार उघडल्याचा आवाज आला. बघते तर एक माणूस. ऑफिसने पाठवलेला. तो म्हणाला, बाई, माफ करा, फार उशीर झाला. एकट्या माणसाला अशा कामावर पाठवतच नाहीत. खड्ड्यात एक उतरला की वर स्विचपाशी दुसरा लागतोच, हा नियम आहे. तुम्हाला पाठवलं हीच चूक झाली. आता तुम्ही निघा, माझी ड्यूटी सुरू. मग तिने हळूच हात काढला, त्याने हात ठेवला. दिवा काही विझला नाही. आणि ती... ती घरी आली."

एवढं सगळं तो बोलला आणि पान एकदाही उलटलं नाही.

ती वळकटीवर कपाळ टेकून पडली होती. टॉवेल ओला झाला, पण पालथ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी खालीच जातं, कुणाला दिसत नाही.

"संपली?" तिने विचारलं.

"संपली."

"छान आहे."

"हो ना," तो म्हणाला. "बाकी काही का असेना, या लेखकाला कामाची थोडी माहिती दिसते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, दिवा धरला, वर बघा, खाली बघा केलं आणि म्हणाले, "बसलाय पडदा." तिला त्यांचा सदरा दिसत होता, बटणं दिसत नव्हती. ती येतील, पण सावकाश, ते म्हणाले. तो बाहेर आला आणि जिन्यावर बसून राहिला. लिफ्ट होती, पण तो जिन्यावरच बसलेला बघून तिने जिन्यानेच उतरायचं ठरवलं, त्याचा दंड धरून, एकेक पायरी.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ती कारखान्यात जाऊ लागली. कटिंगला अजून घेतलं नव्हतं; तयार कपड्यांच्या घड्या घालायचं काम होतं. वाचायला तर पूर्ण बंदी. जेवणाच्या सुट्टीत पिशवीत नुसता डबा.

"काय ग्रहवाली," काजवाली म्हणाली, "आता आम्हाला कुठे नेणार? बरेच दिवस झाले, नुसत्या सासवाच चघळतोय."

"वाचता येत नाही गं."

"मग सांग. तोंडाला पट्टी होती का?"

दोघीतिघी हसल्या आणि बाक सरकवून जवळ आल्या. तिने दिवेवालीची गोष्ट सांगायला घेतली. अंधार सांगितला, दिवा सांगितला, हात सोडला की विझतो हे सांगितलं. इस्त्रीवाली चावायची थांबली. अंगणातली खुर्ची आली. नवऱ्याचे केस पांढरे झाले.

आणि तिथे ती अडली. पुस्तकातलं वाक्य तिला स्वच्छ आठवत होतं. बायका तिच्याकडे बघत होत्या. चेहरे अजून थोडे धूसर होते.

"मग एक दिवस," ती म्हणाली, "तिला मागे दार उघडल्याचा आवाज आला."

बदली माणूस आला. त्याने माफी मागितली, नियम सांगितला, हात ठेवला. बाई घरी निघाली. काजवालीने सुटकेचा श्वास सोडला, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"आणि नवरा? एवढी वर्षं बसला बिचारा. ती दारात आली तेव्हा काय म्हणाला?"

हे पुस्तकात नव्हतं, आणि घरी जमिनीवर बसून सांगितलेल्या गोष्टीतही नव्हतं. तिने क्षणभर विचार केला.

"काही म्हणाला नाही. उठला, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली."

काजवालीने डब्यातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाली, "हो, तेवढंच करतात," आणि डब्याचं झाकण लावलं.