चौदा वेळा ‘येतो’

कप्तानाने हेल्मेट काखेत धरलं, दारात उभ्या बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो."

तिने लॅपटॉपवरचा भाग तिथेच थांबवला आणि मोजणीच्या कागदावर अकरावी रेघ ओढली. एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा. पलीकडे लेक झोपली होती आणि ती झोपेत खोकली तरी हिला कळायला हवं होतं.

अंतराळयानाच्या या मालिकेचा पहिला सीझन मराठीत डब झाला, तेव्हा संवाद तिनेच लिहिले होते. चार वर्षांपूर्वी. आता ते भाग पुन्हा बघताना अंगावर काटा येत होता. यानाची भिंत पुठ्ठ्याची वाटत होती, ते तिच्या हातात नव्हतं. पण "महोदय, इंधन न्यून आहे" हे तिचंच पाप. न्यून. यान कोसळत असताना कोण असं बोलतं?

आणि हे ‘येतो’. मूळ मालिकेत कप्तान निघताना नुसतं "चला, निघायची वेळ झाली" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. तिने तिथे ‘येतो’ घातलं. विचार करून नव्हे, हात आपोआपच लिहून गेला. दारातून निघणारा माणूस ‘जातो’ कसा म्हणेल?

आता दुसरा सीझन आला होता. त्यात सात वर्षांनी भाऊ परत येतो आणि बहीण त्याला तोंडावर सुनावते, "परत येईन असं तू एकदाही म्हणाला नाहीस." सगळा सीझन त्या एका वाक्यावर उभा. आणि मराठीत हा गृहस्थ प्रत्येक भागात दारात उभा राहून येतो, येतो करत होता.

डबिंगचं काम बघणाऱ्या ताईंचा सकाळीच फोन आला होता.

"तुझा कप्तान खोटारडा निघाला की गं."

"ताई, जुन्या भागात तेवढे शब्द बदलता नाही येणार?"

"कोणाच्या आवाजात? कप्तानाला आवाज देणाऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. बहिणीसाठी नवीन वाक्य शोध. चार सेकंद, आणि शेवटाकडे तिचे ओठ मिटतात, ते बघ. सहापर्यंत नाही जमलं तर दुसऱ्या कोणाला तरी देते. वाईट वाटून घेऊ नकोस, पण माझ्याही मानगुटीवर कोणीतरी बसलंय."

लेकीच्या जन्मानंतरचं तिचं हे पहिलं काम. दोन वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं. हे गेलं की पुन्हा कोण विचारणार?

म्हणून दुपारपासून ती मोजत बसली होती. एखाद्या तरी भागात आपण दुसरं काही लिहिलं असेल, निदान बहिणीच्या शेवटच्या निरोपात तरी, या आशेवर. बारावी रेघ. तेरावी. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून थबकल्या.

"अगंबाई, माझा कप्तान. किती गोड ‘येतो’ म्हणतो बघ. घरच्यासारखा."

"त्याच गोडव्यापायी माझं काम जाणारे, आई."

"मग ‘जातो’ म्हणायला लावायचं होतंस?" सासूबाईंनी कप ठेवला. "अशुभ कुठलं."

सासूबाईंशी वाद घालायला वेळ नव्हता आणि खरं तर मुद्दाही नव्हता. तिलाही ते लिहवलं नसतं. चौदावी रेघ ओढली आणि भाग संपले. एकही वेगळा नाही. साडेचार वाजले होते. तिने वाक्यं लिहिली, खोडली. "मनापासून म्हणाला नाहीस." लांब. "तुझं येणं खोटं." नाटकी. "शब्द दिला नाहीस." दिलाय ना, चौदा वेळा दिलाय. तिने पेन इतक्या जोरात आपटलं की लेक जागी झाली.

मग कडेवर घेणं, पाणी, पायावर उठलेल्या मोज्याच्या वळाची पाहणी, कपाळाला हात लावून बघणं. ताप नव्हता. पाच वाजून दहा. तिने लेकीला सासूबाईंकडे दिलं आणि आतल्या खोलीकडे वळताना सवयीने म्हणाली, "येते हं."

लेकीचा ओठ थरथरला. "येते नको," ती म्हणाली, आणि भोकाड पसरलं.

"रोजचं झालंय हिचं," सासूबाई तिला थोपटत म्हणाल्या. "तू नुसती उठलीस तर काही नाही. ‘येते’ म्हणालीस की सुरू. पोरीला पक्कं कळलंय, येते म्हणजे चालली."

ती उंबऱ्यातच थांबली. रडणं चालूच होतं. एरवी ती परत फिरली असती. आज आत गेली, दार लोटलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: "‘येतो’ म्हणालास. जाणारेच म्हणतात."

घड्याळ लावून पडद्यावरच्या बहिणीबरोबर तीनदा म्हणून पाहिलं. चार सेकंद. ओठ मिटायच्या जागी ‘म्ह’ येत होता. बाहेर लेकीचा आवाज बसत चालला होता आणि इथे ती ओठ जुळवत होती. तिला स्वतःचा राग आला, तरी चौथ्यांदा म्हणून पाहिलं. मग ताईंना आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

सहाला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"बसतंय," ताई म्हणाल्या. "ओठ जरा आधी मिटतात, पण बसतंय. उलट आता ती चौदा वेळची भानगडच कामाला आली. कुठून सुचलं?"

"घरातून."

"बरं. उद्या दहाला स्टुडिओत ये, पुढचे सहा भाग घेऊ. येतेस ना?"

"ये—" ती म्हणाली आणि दाराकडे पाहिलं. दार किलकिलं झालं होतं. फटीतून ओले डोळे तिच्या तोंडाकडे बघत होते, शब्द कधी निघतोय याची वाट बघत.

"हॅलो? दहाला, म्हटलं."

"हो, ताई," ती म्हणाली. उद्या साडेनऊला दारात काय म्हणायचं, ते काही तिला सुचलं नाही.