कोरडी नवरी

उज्ज्वलाला रडू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता.

तिचं लग्न परवावर आलं होतं. त्यांच्या बंजारा तांड्यात नवरीनं ढावलो, म्हणजे सासरी जातानाचं रडगाणं, गायचा असतो. आई, बाप, भाऊ, भावजय, मैत्रीण, एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत. तिची आई लालीबाई सकाळपासून तिला शिकवत होती आणि ही बया दर ओळीला फिसकन हसत होती.

"मांडवात अशीच कोरडी उभी राह्यशील तं लोकं म्हणतीन, हिले मायची मायाच नोहोती," लालीबाई कडाडल्या.

उज्ज्वलाचं हसू विझलं. ती ताडकन उठली आणि माझा हात ओढला. "चाल वं सुरभी, बेटावर चढू."

"आत्ता?"

"मंग काय लगन झाल्यावर? मले इथं बसवत नाई."

बेट म्हणजे तांड्यासमोरची टेकडी. धरण झालं तेव्हा चहूबाजूंनी पाणी भरलं आणि टेकडी मधेच उरली. कॉलेजात असताना शंभरदा ठरवलं, गेलो कधीच नव्हतो. तांड्यातल्या रामधनभाऊंनी डोंग्यातून सोडलं आणि ते खालीच थांबले.

माघाचं ऊन होतं, आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं. सागाची वाळकी पानं पायाखाली कडकड मोडत होती. ती पुढे, मी धापा टाकत मागे. ना थांबणं, ना मागे वळून पाहणं.

"अवं, हळू! पाय मोडून घेतं का?"

मोडला तर बरंच, असं ती म्हणेल अशी माझी वेडी आशा. पण ती म्हणाली, "वरून उमरखेडकडचं दिसते का पाहू."

सासर तिकडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आर्णीच्या कॉलेजात एका डब्यात जेवलो, एकीला ताप आला की दुसरीही घरी राहिली, आणि हिला आता सासरचे डोंगर पाहायचे!

माथ्यावर भन्नाट वारा होता. उमरखेडकडे नुसत्या निळ्या रांगा दिसल्या. तिनं घटकाभर पाहिलं आणि तोंड फिरवलं. खाली तांडा एवढासा दिसत होता. पाण्याच्या काठाशी एक लाल ठिपका उभा होता.

"याडी हाय ते," उज्ज्वला म्हणाली. आईला ती याडीच म्हणायची. "घरात एवढी कामं पडली, अन् तिथं कायले उभी राह्यली?"

"तुई वाट पाहून राह्यली."

ती त्या ठिपक्याकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "मी गेल्यावर बी याडी अशीच उभी राहीन काय वं?"

"नाई तं काय, नाचन?" मी चिडून म्हटलं.

ती हसली नाही. झपाझप उतरायला लागली.

डोंगा काठाला लागायच्या आत तिनं गुडघाभर पाण्यात उडी मारली. लालीबाईंनी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तोच ती त्यांच्या गळ्यात पडली आणि ढावलो सुरू झाला. अर्ध्या ओळी ती विसरली. त्या आईनंच रडत रडत पुरवल्या.

"पोरी, उतरत नाई का?" रामधनभाऊंनी मला विचारलं.

"थांबा नं भाऊ जरा."

मी डोंग्याची कड घट्ट धरून बसले. आईच्या खांद्यावरून उज्ज्वलाचे डोळे मलाच शोधत होते. इथं आईनंतर माझाच नंबर होता, आणि मला तो यायला नको होता.