आईचा होकार

"आणि थंडीचं काय?" ताईने विचारलं. "चार-चार महिने बर्फ असतो तुमच्याकडे. आईचे गुडघे इथल्या हवेतसुद्धा धरतात, तिथे तर ती पलंगावरून उठायची नाही."

धाकटा म्हणाला, घर आतून उबदार असतं, बाहेर पडायचं तर गाडी दारात असते. ताईने लगेच पुढचा मुद्दा काढला. दिवसभर घरात कोण? नवराबायको कामावर, पोरगी शाळेत. आईने काय भिंतींशी बोलायचं?

बाहेरच्या खोलीत तिघं बसली होती. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि निवाडा करायला मुद्दाम बोलावलेली मावशी. धाकटा परदेशात स्थायिक होऊन बराच काळ लोटला होता. या खेपेला तो आईला कायमचं घेऊन जायचं म्हणून आला होता, आणि आल्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. तिथली हवा स्वच्छ, दवाखाने चांगले, नातीला आजीचा लळा लागेल, असं त्याचं म्हणणं. ताईचं म्हणणं, आईचा डॉक्टर इथे, बहीण इथे, शेजारपाजार इथे. तिथे ती पाहुणी म्हणून जाईल आणि पाहुणी म्हणूनच राहील. दोघं मुद्देसूद बोलत होती, एकमेकांना दुखवत नव्हती. मावशी, जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने मान हलवत होती.

ताई एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. पन्नाशी ओलांडलेली, एकटी. बोलण्यात तिला हरवणं कठीण होतं. पण आज तिला जिंकायची घाई नव्हती, कारण निकाल काय लागणार हे तिला ठाऊकच होतं. आई कुठेही जाणार नव्हती. धाकट्याचं मन राखलं जावं, त्याने तोंड पाडून परत जाऊ नये, एवढ्यापुरतीच ही बैठक होती.

आई स्वयंपाकघरात ताटं पुसून मांडणीवर ठेवत होती. शेवटी मावशीच कंटाळून म्हणाली की जिला न्यायचंय तिला कुणी विचारणार आहे की नाही? ताईला हसू आलं. तिने आईला हाक मारली. आई हात पुसत दारात आली. ताईने सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली,

"मी जाते."

मावशीची हलणारी मान मध्येच थांबली.

"जाते म्हणजे?" ताईने विचारलं.

"जाते म्हणजे जाते. याच्याबरोबर. तिकिटाचं बघ म्हणावं त्याला." आणि ती पुन्हा ताटांकडे वळली.

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आई नाही म्हणेल या भरवशावरच त्याने एवढा आग्रह धरला होता की काय, असं ताईला क्षणभर वाटून गेलं. त्याने फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मावशीने पाणी मागितलं. ताई पाणी आणायला म्हणून उठली आणि भलत्याच खोलीत जाऊन उभी राहिली. आपण इथे कशाला आलो, हे तिला आठवेना. कपाटाच्या आरशात तिला एक बाई दिसली. तोंड अर्धवट उघडं, एक हात पुढे केलेला.

आईला सोडून कशी येऊ, हे वाक्य ताईने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की मैत्रिणींनी तिला सहलीला बोलावणंच सोडून दिलं होतं. वडील गेल्यापासून दोघीच. ताई पाळ्या बदलून घ्यायची, आईची औषधं, तपासण्या, दाढदुखी, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. स्थळं आली तेव्हाही तिने हेच सांगितलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, धाकटा अजून बाहेरगावी कॉलेजात होता त्या काळात, परदेशातल्या एका इस्पितळाने तिची निवड केली होती. आत्ता धाकटा राहतो त्याच देशात. मुलाखत झाली, होकार आला, आणि ताईने नकार कळवला. आईमुळे. लोकांना केवढं कौतुक वाटलं होतं. त्या नकारावर ताईचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर तिच्या हातून कधी न होणारी चूक झाली. मनगट दुखावलेल्या एका माणसाचा तिने दुसऱ्याच हाताचा फोटो काढला. डॉक्टर फोटो घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवून निघून गेले. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्या माणसाची माफी मागून पुन्हा फोटो काढला. तो बिचारा म्हणत होता, असू दे हो, हा पण ठीक आहे ते तरी कळलं.

घरी येताना बसमध्ये तिला उलगडा झाल्यासारखं वाटलं. आई आपल्याला मोकळं करायला निघाली आहे. पोरीने फार केलं, आता तिला तिचं जगू दे, असं काहीतरी म्हातारीच्या डोक्यात शिरलं असणार. ताईचा जीव गलबलला, आणि खरं सांगायचं तर बराचसा हलकाही झाला. कारण मग तिला समजावता येणार होतं.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. न्यायचे एका बाजूला, ठेवायचे दुसऱ्या बाजूला. ताई तिच्यापाशी टेकली. तू मला कधीही जड झाली नाहीस, माझ्यासाठी म्हणून जाऊ नकोस, असं तिने जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं.

आईने हातातली घडी पुरी केली. "तुझ्यासाठी नाही जात गं. मला जायचंय म्हणून जातेय."

"तुला जायचंय?"

"पहिल्यापासून."

आई एके काळी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून परदेशचे फोन जोडून द्यायची. हे ताईला माहीतच होतं, पण आई आता जे सांगत होती ते तिने कधी ऐकलं नव्हतं. धाकटा राहतो त्या देशातली एक ऑपरेटर होती, आई म्हणाली, रात्रपाळीला नेमकी तीच असायची. लाइन लागेपर्यंत दोघी मोडकंतोडकं बोलायच्या. ती सांगायची, आज खिडकीबाहेर सगळं पांढरं झालंय, आज नदी गोठली. नदी गोठते म्हणजे कशी, पाणी वरचं थांबतं की खालचं, ते आईला बघायचं होतं. घरी एकदा बोलून बघितलं तर वडील हसले होते. मग तिने तो विषय काढला नाही.

"तुझी निवड झाली तेव्हा मी लोकर आणली," आई म्हणाली. "घरचं एक माणूस नेता येतं, असं तूच आल्या-गेल्याला सांगत होतीस. मी दोघींचे पायमोजे विणायला घेतले. तुझा जोड झाला, माझा एक झाला. मग एक दिवस तू कामावरून आलीस, जेवलीस आणि म्हणालीस, नकार कळवला मी त्यांना, तुला सोडून कशी जाऊ."

ताईला ते पायमोजे अजिबात आठवेनात.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस."

आई रागाने बोलत नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात बोलत होती, आणि मध्येच एखादा कपडा नीट दिसावा म्हणून उजेडाकडे धरत होती.

"नंतर तरी सांगायचंस," ताई म्हणाली.

"कसं सांगू? तोवर तू सगळ्यांना सांगून बसली होतीस, आईसाठी थांबले. चार माणसांत तुला खोटं पाडू?" आई जरा थांबली. "तू घाबरली होतीस. घाबरलीस तर घाबरलीस, माणूस घाबरतं. पण नाव माझं पुढे केलंस."

असं नव्हतं, हे ताईच्या ओठावर होतं. तिने ते दिवस आठवून पाहिले. नेमकं काय वाटलं होतं तेव्हा? आईची काळजी वाटली होती, नक्की वाटली होती. पण त्या दिवसांतलं लख्ख असं तिला एकच आठवलं. नकार कळवला त्या रात्री तिला गाढ झोप लागली होती, कित्येक आठवड्यांनी. समोर आई होती, नेहमीचीच, आणि तरी एखाद्या परक्या बाईच्या घरात आपण न विचारता इतकी वर्षं राहिलो, तसं तिला झालं.

"म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यावर रागावून..."

"छे. तू माझं केलंस तेवढं कुणी केलं नसतं. ते मी सगळ्यांना सांगते." आईने एक स्वेटर उचलला, विचार करून ठेवायच्या बाजूला टाकला. "फक्त मला कुठे राहायचंय, ते कुणी विचारलं नव्हतं. तुझे बाबा म्हणाले इथे, मग तू म्हणालीस इथे. काल हाक मारून विचारायला बोलावलंत, म्हणून सांगितलं."

"तिथे नाही करमलं तर?"

"तर नाही करमणार. बघू तेव्हाचं तेव्हा."

थंडीचं, गुडघ्यांचं, भिंतींशी बोलण्याचं ताईने पुन्हा काढलं नाही. तिनेच आईची औषधं बांधून दिली, गरम कपडे घेऊन दिले. धाकटा एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाला, आईचं बस्तान बसलं की तुझं पण काहीतरी बघतो. ती बरं म्हणाली. आईने मात्र तसं काही सुचवलं नाही, तूही ये म्हणाली नाही, सांभाळून राहा म्हणाली नाही. विमानतळावर तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं, तर तिने खुर्ची ढकलणाऱ्या माणसाशी गप्पा सुरू केल्या. आत जायच्या आधी तिने ताईला खाली वाकायला सांगितलं आणि कानाशी म्हणाली, "उद्यापासून दूध अर्धंच घे."

ताई दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली. गर्दी नेहमीइतकीच होती. दुपारच्या सुमाराला एक आजीबाई आल्या, छातीचा फोटो काढायला. ताईने त्यांना एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर धरायला सांगितलं, खांदे पुढे घेऊन दिले. मग ती काचेच्या पलीकडे आपल्या जागेवर आली.

"मोठा श्वास घ्या, आजी. आता रोखून धरा."

तिने बटण दाबलं. फोटो आला, चांगला आला. फासळ्या, मधे हृदयाची सावली, सगळं जिथल्या तिथे. ताई त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. मग तिने मान वर केली, तर काचेपलीकडे आजीबाई तशाच उभ्या होत्या, हनुवटी वर, डोळे घट्ट मिटलेले, सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून.

"सोडा," ताई म्हणाली. "सोडा, आजी."