खिचडीत न पडलेली पाल

मी हगवण-उलट्यांच्या विषाणूंवर संशोधन करते. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलंच, तर नुसतं 'डॉक्टर आहे' म्हणून वेळ मारून नेते, कारण पुढचं ऐकलं की लोक हातातली जिलबी खाली ठेवतात. त्याचं मला काही वाटत नाही. मला संताप येतो तो पालीचा. चंद्रपूर-गडचिरोलीत कुठल्याही शाळेत पोरांना उलट्या झाल्या, की मी पोचायच्या आत गावाचा निकाल लागलेला असतो: खिचडीत पाल पडली. ती पाल कुणी पाहिलेली नसते. तरी ती पडतेच.

गेल्या डिसेंबरात ती सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका गावात पडली. पहिली-दुसरीची पोरं एका रात्रीत आडवी झाली. सगळी बरी झाली, लगेच खेळायलाही लागली, पण गावाला कुणीतरी हवं होतं आणि खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाई समोरच होत्या. मुलगा घुग्घुसला ट्रकवर, नात पिंकी आजीजवळ, आणि घर चालायचं ते शाळेच्या या कामावर. बाई बौद्ध. त्यांच्या हातचं आपल्या पोरांनी खावं, हे काही घरांना आधीपासूनच खटकत होतं. माझंही आडनाव खोब्रागडे आहे. असली निमित्तं मला दुरून ओळखू येतात. सोमवारी शाळेची समिती बसणार होती आणि बाईंना काढायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. मीही मनाशी ठरवलं, काढू द्यायचं नाही.

नमुने गोळा करताना माझा जीव मेटाकुटीला आला. आयांनी सगळं धुऊनपुसून लख्ख केलेलं. मी डबी देऊन पोराची शी मागितली, तर एकीनं त्यात आदल्या दिवशीची खिचडी भरून आणली; तिच्या मते गुन्हेगार खिचडीच होती. शेवटी जेमतेम काही डब्या हाती लागल्या. बाजारातल्या मासळीवाल्याकडून बर्फ घेतला आणि डब्या त्यात ठेवून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या.

तोवर घरोघरी फिरून कुणी काय खाल्लं ते विचारलं. खिचडी सगळ्यांनीच खाल्ली होती. त्या दिवशी सोबत उकडलेली अंडी होती आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. केळंवाली पोरं ठणठणीत होती. म्हणजे खिचडी निर्दोष, पाल तर निर्दोषच. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचा फोन आला: नोरोव्हायरस. मला इतका आनंद झाला की मी चहा अर्धा टाकून गाडीत बसले.

समितीत मी सगळं समजावून सांगितलं. विष नाही, पाल नाही, सडकं तेल नाही. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. अध्यक्ष धनराज यांनी विचारलं, मग हा आला कुठून? प्रश्न रास्त होता. आणि मी सवयीनं, भरल्या सभेत, माझ्या कामातला पहिला प्रश्न टाकला: पोरांच्या आधी गावात कुणाला उलट्या झाल्या होत्या का?

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रुखमाबाई पुढे आल्या.

"आमच्या पिंकीले झाल्या होत्या, म्याडम. आदल्या रात्री. मीच पुसलं सारं. सकाडी इथी येऊन अंडे उकडले. बारक्या पोरायले सोलता येत नाई, म्हणून मीच सोलून देल्ले. पण हात साफ केले मी. सरायनं देल्ली ते बाटली लावली, तीन डाव."

ती सॅनिटायझरची बाटली कोरोनापासून शाळेत आहे. स्वयंपाकाआधी हाताला लावायची, हे बाईंना तालुक्याच्या प्रशिक्षणात शिकवलेलं. साबण मात्र मुख्याध्यापक दादाजी सरांच्या कपाटात कुलपात, कारण बाहेर ठेवला की कावळे पळवतात. मी जीव तोडून सांगितलं की या विषाणूचं त्या बाटलीनं फारसं काही बिघडत नाही, हात साबणानं खळखळून धुवावे लागतात. बाईंनी जे शिकवलं ते केलं, चूक शिकवण्यात आहे. माझा आवाज चढला तसे लोक खिडकीबाहेर बघू लागले.

"मंजे बाईच्याच हातानं झालं," धनराज म्हणाले. "तेच तं आमी म्हणून राह्यलो होतो."

माझ्या शास्त्रानं पालीला हात फुटले होते. ठराव पाच मिनिटांत झाला.

बाहेर नळाजवळ रुखमाबाई थांबल्या होत्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी विचारलं म्हणून सांगतलं, म्याडम," त्या म्हणाल्या. "काऊन, सांगाचं नोहतं का?"

खरं सांगणारा माणूस मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं गावोगाव डोकं आपटते. तो मिळाला, आणि मी मान खाली घालून गाडीकडे गेले.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, साबणाची एक पेटी घेऊन. दादाजी सरांनी मनापासून आभार मानले आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग नव्या स्वयंपाकीण बाईंना हाक मारली, आणि गावात झाला प्रकार पुन्हा होऊ नये, असं बजावत त्यांच्या हातात ती बाटली दिली.