वरची कडी

कोणत्या घरात पोर दडवलेलं आहे, हे मंगलाबाई मास्तरणींना उंबरा ओलांडायच्या आधीच कळायचं. त्यात जादूटोणा नव्हता. त्या फक्त दाराची कडी बघायच्या. चारचौघांच्या दाराला कडी असते ती हाताच्या उंचीला. पण ज्या घरात न बोलणारं, न ऐकणारं, वेळी-अवेळी पळत सुटणारं पोर असतं, तिथे दाराच्या दोन फळ्यांच्या फटीतून एक बारीक हात बाहेर येतो आणि बाहेरची कडी काढतो. म्हणून सुताराला बोलावून ती पार वर, चौकटीच्या माथ्याला ठोकून घ्यावी लागते. घरची बाई ओट्यावर उभी राहून गोड आवाजात सांगते, "आम्हना घरमा शाळाजोगं कोणी नही," आणि तिच्या डोक्यावर ती कडी तिला खोटं पाडत लोंबत असते.

साल चौसष्ट. तापीकाठच्या नवलखेड्याच्या प्राथमिक शाळेत मागच्या पडवीवर एक गोणपाट अंथरलेलं असायचं आणि त्यावर तीन मुलं बसायची. एक कुंभाराची बहिरी मुलगी, एक चालताना तोल जाणारा पोरगा, आणि एक पाटलांचा नातू, ज्याला हात धरून दाखवल्याशिवाय काही उमगत नसे. गाण्याला आणि खेळाला ती इतर वर्गांत मिसळायची, बाकीचा वेळ मंगलाबाईंच्या हाताखाली. तिघांच्या वर चौथं घ्यायचं नाही, अशी रेघ हेडमास्तर हिंमतराव गुरुजींनी ओढली होती. शाळा म्हणजे प्रकाश्याच्या तीर्थावरची धर्मशाळा नव्हे, आला तो टेकला, असं ते म्हणायचे.

मग श्रावणात जिल्ह्याच्या कचेरीतून कागद आला. अशी आठ मुलं पटावर दिसली, तर शाळेला एक जादा शिक्षक आणि वेगळी खोली. आठ दिसली नाहीत, तर आहेत ती नावंही कमी करावीत, कारण त्यांच्यापायी शाळेचा निकाल खाली येतो. म्हणजे आठ किंवा काहीच नाही. तपासायला विस्तार अधिकारी कार्तिकात यायचे होते.

तेव्हापासून मंगलाबाईंच्या पायांना चैन नव्हती. शाळा सुटली की त्या गल्लोगल्ली कड्या बघत फिरायच्या. चार घरांतून, शिव्या खाऊन आणि चहा पिऊन, त्यांनी चार मुलं बाहेर काढली. पाचवा झिपरू. भिल्लांच्या वस्तीतल्या, भिलाटीतल्या रायसिंगचा हा मुलगा आठ वर्षांचा, मान सतत एका बाजूला कललेली, तोंडातून शब्द म्हणून नाही. त्याला शोधावं लागलं नाही, कारण तो कधी दडलेलाच नव्हता. आई कापूस वेचायला गेली की तो बांधावर, आई नदीवर गेली की तो पाण्यात. तीन आणि पाच आठ झाले. बाई जरा मान ताठ करून चालायला लागल्या.

गावात पाचवी कडीही होती, पण ती शोधायला त्यांना कुठे जायला नको होतं. ती त्यांच्याच दाराला होती.

त्या दाराआड त्यांची जमना होती, नऊ वर्षांची. नवरा गेल्यावर मंगलाबाई धुळ्याला जाऊन शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि या गावी बदलून आल्या, तेव्हा जमना चार वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तर वळत नव्हती, कापसाचं बोंड हातात दिलं की तासन्‌तास सरकी वेगळी करत बसायची. गावाला त्यांनी सांगितलं की मुलगी मामाकडे असते. का सांगितलं? लाज होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. जिला पोटच्या पोरीला शिकवता येत नाही, ती गावाच्या पोरांना काय शिकवणार? दिव्याखाली अंधार, असं कुणी म्हणायला नको होतं. शेजारची म्हातारी सरलाबाई तेवढी जाणत होती, ती दुपारी खिडकीतून पाणी-भाकर द्यायची. गुपित राहावं म्हणून बाईंनी कडी ठोकायला गावचा सुतारही बोलावला नाही. शहाद्याचा आणला. तो हत्यारांची पिशवी घेऊन भर बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरला आणि त्यांचं घर विचारत गावभर फिरला. शहाण्या माणसाने भीतीच्या भरात काही केलं, की ते असंच होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण शाळायोग्य मुलांची घरोघर नोंद करायचं काम दर जूनला मंगलाबाईंकडेच असायचं. त्या सरकारी तक्त्यात घर नंबर एकशे बारापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, मूल नाही. खाली सही. एकदा नव्हे, जमना सहाची झाल्यापासून चार वर्षं.

गंमत अशी, की पडवीवर त्या जे काही शिकवायच्या ते सगळं आधी जमनेवर अजमावलेलं असायचं. सरकीचे ढीग करून मोजायला लावणं, बोट धरून मातीत अक्षर काढणं, चिडलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून तो शांत होईस्तोवर काहीच न बोलणं. लोक म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. बाई ऐकून घ्यायच्या आणि रात्रभर कूस बदलत राहायच्या.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, साहेब बुधवारी येणार होते. सोमवारी झिपरू आला नाही. मंगळवारी सकाळी कळलं की रायसिंगने मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली आहे आणि बिऱ्हाड गुजरातेत निघालं आहे. हिंमतराव गुरुजींनी चष्मा पुसला आणि दुसरीतलं एखादं ढ पोर उद्यापुरतं गोणपाटावर बसवू, असं सुचवलं. बाईंनी नको म्हटलं, कारण येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांची, इंद्रसिंग साहेबांची ख्याती त्यांनी ऐकली होती. उसनी मुलं बसवणाऱ्या एका शाळेला त्यांनी बोट लावून मोजून, यादीशी ताडून पकडलं होतं. सात तर सात, असं गुरुजी मग म्हणाले. सातावर खोली मिळायची नाही आणि त्या सातांनाही उद्या संध्याकाळी घरी पोचवावं लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. ते वाईट मनाने बोलले नव्हते, म्हणून तर बाईंना जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत त्या तडक भिलाटीत गेल्या. झिपरूची आई गजराबाई भांडी गोणीत भरत होती. झिपरू चुलीच्या थंड राखेत हात घालून बसला होता. मंगलाबाईंनी विनवलं, हट्ट केला, शेवटी थोडा आवाजही चढवला. फक्त तीन दिवस त्याला मागे ठेव, माझ्या जबाबदारीवर. मग मी स्वतः त्याला तुझ्याकडे आणून सोडते. सात घरांनी मोठ्या मुश्किलीने दारं उघडली आहेत, ती तुझ्या एका पोरापायी पुन्हा बंद होतील.

गजराबाईने गोणीचं तोंड बांधलं आणि मग मान वर केली.

"बाई, आम्हना झोपडाले दारच नही," ती म्हणाली. "याले मांगे ठेवानं आमले येत नही. जठे आम्ही, तठे हाऊ."

"तीन दिवसनं काम शे, गजरा."

"तुम्ही समदास्ना घरनी कडी देखतस. तुम्हना घरनी कडी बी वरच शे."

मंगलाबाई एक पाऊल मागे सरल्या. हे तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"सांगाले काय लागस? रोज सकाळे तुम्ही पाटवर उभ्या ऱ्हाईसन कडी लावतस. कापूस येचाले जाताना समदं गाव देखस." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने झिपरूचे हात पदराने पुसले. "गाव बोलत नही. तुम्ही त्यास्ना पोरेस्ले शिकाडतस म्हनीसन बोलत नही."

परतताना मंगलाबाई वाट चुकल्या. पाच वर्षं पायाखालची वाट, तरी चुकल्या आणि केळीच्या बागेत शिरल्या. राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. पाच वर्षं त्या बुटक्या उंचीने पाटावर चढून टाचा उंचावत कडी लावत होत्या, आणि सारं गाव शेताला जाता जाता ते बघत होतं. आणि आपल्या दारी आलेल्या त्याच मास्तरणीला प्रत्येक घर तरीही तोंड वर करून सांगत होतं, आमच्यात कोणी नाही. म्हणजे चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असंच चाललं होतं की सगळं. त्यांना एकदम हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

त्या रात्री त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. नोकरी गेली तर जमनेला घेऊन कुठे जायचं? आणि तिला शाळेत नेलं नाही तर कुंभाराची मुलगी उद्या पुन्हा कडीआड जायची. ती कडी तर त्यांनीच तिच्या बापाकडून उघडवून घेतली होती.

बुधवारी सकाळी त्यांनी पाट ओट्यावर आणलाच नाही. जमनेची वेणी घातली, एका मुठीत कापूस दिला आणि दुसरा हात धरून निघाल्या. जमना उन्हाला डोळे मिचकावत, भिंतीला खांदा घासत चालत होती. ओट्यांवर माणसं होती. कुणी उठलं नाही, कुणी विचारलं नाही. फक्त सरलाबाई आपल्या दारात उभी राहून पदर डोळ्यांना लावत होती.

इंद्रसिंग साहेब पडवीवर आले, तेव्हा गोणपाटावर आठ मुलं होती. त्यांनी बोट लावून मोजली. मग यादी वाचली, झिपरूच्या नावाशी अडले आणि जमनेकडे वळले. ही यादीत नव्हती.

मंगलाबाईंनी नाव सांगितलं, वय सांगितलं, घर नंबर एकशे बारा सांगितला. साहेबांनी तक्ता उघडला आणि त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"इथे लिहिलंय, मूल नाही. खाली ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही मुलगी?"

"तीही माझीच," मंगलाबाई म्हणाल्या.

पाच वर्षांत जमनेला शेजारी घेऊन हे त्या चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या होत्या. हिंमतराव गुरुजी जमिनीकडे बघत राहिले, आणि त्यांनाही सगळं ठाऊक होतं हे बाईंना तेव्हा कळलं. साहेब वाकून गोणपाटाकडे बघायला लागले. तिथे जमना सरकी काढत होती. तिच्या शेजारी पाटलांचा नातूही तसाच, अंगठा आणि दोन बोटं तशीच धरून, सरकी काढत होता.

हिला हे तुम्ही शिकवलं का, असं साहेबांनी विचारलं. नाही, बाई म्हणाल्या, मी हिच्याकडून शिकले, आणि मग बाकीच्यांना शिकवलं.

साहेबांनी टाक त्यांच्यापुढे सरकवला. ती ओळ खोडायला आणि शेजारी पुन्हा सही करायला सांगितलं. खुलासा मागवला जाईल, पुढचं माझ्या हातात नाही, एवढं कोरडेपणाने म्हणाले. मंगलाबाईंनी ओळ खोडली. शेजारी सही केली, ती वाकडी आली. मग साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात आकडा लिहिला, आठ.

माघात दोन कागद बरोबरच आले. एकात खोली आणि शिक्षकाची मंजुरी होती. दुसऱ्यात मंगलाबाईंना ताकीद, सेवापुस्तकात तांबड्या शाईने नोंदवलेली. नोकरी राहिली. बाईंनी दोन्ही कागद एकाच फाइलीत लावले. आठ जागा भरल्या होत्या, तरी यादीच्या तळाशी त्यांनी पेन्सिलीने नववं नाव लिहून ठेवलं, झिपरू रायसिंग. होळीला बिऱ्हाडं परतली की त्यासाठी पुन्हा भांडावं लागणार होतं, आणि गुरुजी आत्तापासूनच चष्मा पुसायला लागले होते.

खोली म्हणजे जुनी कोठी. तिचं दार बसवायला गावचा सुतार सुकलाल आला. गावातल्या सगळ्या वरच्या कड्या त्यानेच ठोकलेल्या होत्या, एक सोडून, आणि त्या एकीचा राग त्याच्या मनात अजून होता. त्याने दार उभं केलं, खिळे दातांत धरले आणि सवयीने चौकटीच्या माथ्याला पेन्सिलीची खूण केली.

"कडी वरच ना, बाई?"

मंगलाबाईंनी जमनेला जवळ बोलावलं. तिचा हात धरून दाराच्या फळीवर टेकवला, आणि तो जिथे टेकला तिथे बोट ठेवलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "आणि आतून."