बिनउंबऱ्याची चौकट

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न मी केलं नाही, त्यामुळे त्यातला ताप मला सांगता येणार नाही. पण बोरीतल्या या घरानं दोन्हींचा ताप एकट्यानं दिला. त्यातून घर लाकडाचं. लाकडी खांब, लाकडी तुळया, वर कौलं. अख्खं गाव स्लॅब टाकत असताना या मास्तरीणबाईला खांब कशाला सुचायलेत, हे मला पारावरून दुकानापर्यंत प्रत्येकानं विचारून झालं.

कशाला ते सांगते. चालायला शिकायच्या आतच मला पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतला जोर गेला; काही धरलं तरच उभी राहता येतं. वडिलांचं घर तेव्हा माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं होतं. लहानसंच, पण आत खांब होते आणि ते जवळजवळ होते. एक खांब धरून उभं राहायचं, हात लांबवायचा आणि दुसरा गाठायचा. ओसरीपासून चुलीपर्यंत मी अशी खांबाखांबानं जायची. त्या घरात मला कुणाला हाक मारावी लागली नाही. पुढं ते पाडून माझ्या भावानं तिथं स्लॅबचं घर बांधलं. गुळगुळीत भिंती, गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही. तिथं गेले की मी नेऊन ठेवतील त्या कोपऱ्यात बसून असते.

दरम्यान कुबड्यांवर शिकले आणि जिंतूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले. खांदे बोलायला लागले तशी चाकाची खुर्ची आली. भाड्याच्या खोलीच्या दाराला हा एवढा उंबरा. रोज सकाळी पर्स मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत तयार बसायचं आणि घरमालकाचे दात घासून व्हायची वाट पाहायची. ते आले की खुर्ची उचलून बाहेर ठेवायचे. माणूस देवासारखा, त्यांच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण मी शाळेला कधी निघायचं हे त्यांच्या दातांवर ठरावं, याचा मला वीट आला होता.

म्हणून घर बांधायला काढलं. वडिलांच्या जागेचा माझ्या वाट्याचा तुकडा बोरीत पडून होता, आणि जुन्या घराचं सागवानही शेडमध्ये पडून होतं. त्याचा सोफा करायचा उद्धवचा बेत होता. उद्धव म्हणजे तोच धाकटा भाऊ. बोरीत त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. बांधकामाची सगळी जबाबदारी त्यानं स्वतःहून अंगावर घेतली. मी त्याला फक्त दोन गोष्टी सांगितल्या. खांब माझ्या हाताला हात लागेल अशा अंतरावर पाहिजेत, आणि पुढच्या दाराला उंबरा नको. बाकी तुला काय करायचं ते कर.

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

उद्धवनं 'बाकी'च तेवढं ऐकलं. रात्रंदिवस मोबाईलवर लाकडी घरं पाहायला लागला. कुठल्या तरी थंड डोंगरातली, बाहेर बर्फ पडलेला. आज म्हणे खांबांवर मोर कोरू. उद्या म्हणे तुळईला झोपाळा टांगू. परवा दारात कारंजं. बोरीत पाणी किती दिवसांनी येतं हे त्यालाही माहीत आहे, पण कारंजं पाहिजे. झोपाळ्यावर कोण बसणार आणि झोका कुणाच्या पायानं घेणार, हे मी विचारलं तर तो हसला. अक्का, घराला बघणारे लोक काय म्हणतील, असं त्याचं सगळं चालायचं. घरात राहणारी काय म्हणते, हे त्याच्या हिशेबात नव्हतंच.

खांबांवरून तर आमचं भांडणच झालं. सुतार दत्ता गावातलाच. त्याच्या कामाच्या मांडवात जाऊन मी एकेक खांब मुठीत धरून पाहिला. मुठीत येईल असा खांब कौलांचा भार घेईना, आणि भार घेईल असा माझ्या मुठीत येईना. शेवटी जाड खांबालाच माझ्या खांद्याच्या उंचीवर उभी खोबण पाडायची ठरलं, बोटं अडकतील अशी. हे झालं तर उद्धव अंतरावर अडला. एवढ्या जवळ खांब घेतल्यावर सोफा कुठं ठेवायचा? मी म्हटलं, मला सोफा लागत नाही, मी माझी खुर्ची घेऊनच फिरते. त्यावर मनिषाला, त्याच्या बायकोला, हसू आलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. उद्धव दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण खांब माझ्या मापानं उभे राहिले. मी मांडवात आणि जागेवर ठाण मांडून बसले म्हणूनच राहिले, कुणाच्या चांगुलपणानं नाही.

उंबऱ्याचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. उद्धव म्हणायचा, बिनउंबऱ्याचा गोठा असतो, घर नसतं. मनिषा म्हणायची, लक्ष्मी थांबायची कुठं, सांजेला दिवा ठेवायचा कुठं, आणि विंचूकिरडू सरळ आत यायलं तर? मी एकेकाला उत्तर दिलं. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावा, विंचू येत नाही. दिवा कोनाड्यात ठेवा. आणि लक्ष्मीला आत यायचं असेल तर पायऱ्यांच्या जागी काढायचा उतार तिला सोपाच पडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दत्तालाही तीनतीनदा बजावलं की पुढची चौकट तीनच बाजूंची कर, खाली लाकूड नको, फरशीच्या पातळीत लोखंडाची पट्टी टाक म्हणजे चौकट फाकणार नाही. तो म्हणाला, हो म्याडम. दत्ताचा हो म्हणजे काय चीज आहे, ते मला नंतर कळलं. तो मलाही हो म्हणायचा आणि संध्याकाळी दुकानात जाऊन उद्धवलाही हो म्हणायचा.

आमच्याकडं चौकट बसवायचा कार्यक्रम असतो. सवाष्णी हळदीकुंकू लावतात, नारळ बांधतात, सुताराला कपडे करतात आणि मग जेवणं होतात. लाकडी घरात खांब, तुळया आणि कौलं आधी होतात आणि भिंती मागून येतात, म्हणून आमची चौकट उशिरा आली; तोवर दोन्ही बाजूंच्या भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या आणि मधे दाराची जागा तेवढी मोकळी होती. मानवतहून मावशी आली, जिंतूरहून माझ्या शाळेतल्या बाया आल्या. अंगणात स्वयंपाकाची चूल पेटली. उतार गवंड्यानं छान काढला होता. मी खुर्ची स्वतः ढकलत ओसरीवर चढले आणि मला खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

दत्तानं चौकट नव्या कापडात गुंडाळून आणली. जागेवर उभी केली, मागून टेकू लावले आणि उद्धवनं कापड ओढलं. वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर. नाकापेक्षा मोती जड, पण तेही मी गिळलं असतं. खाली चार बोटं उंच सागवानी उंबरा होता, त्यावर रांगेनं कमळं कोरलेली. मंडळींनी वा वा केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी काही जात नसलं तरी तेवढं जातं.

मी दत्ताकडं पाहिलं. तो टेकू तपासायला लागला. मी उद्धवकडं पाहिलं. तो खूश होता, ही सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला वाटत होतं, त्यानं मला काहीतरी दिलं.

"अक्का, चिडू नको," तो म्हणाला. "उंबरा नसला तर घरपन न्हाई. आनि तुला काय तकलीफ हाय? आमी हावोत की उचलायला. एक हाक मार, आलोच म्हन."

त्याच्या डोळ्यांत माया होती. त्या मायेनंच माझा घात केला आहे जन्मभर. वाईट बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते.

मी ओसरीचा पहिला खांब धरला, खोबणीत बोटं घातली आणि उभी राहिले. मग मोकळी खुर्ची त्याच्याकडं ढकलली आणि म्हटलं, "बस."

त्याला गंमत वाटली. बसला. पायावर पाय टाकायला लागला, तर मी म्हटलं, पाय हलवायचे नाहीत, पाय तुला नाहीतच असं समज. आता दत्ताला हाक मार आणि आत जा. दत्ता आणि एक मामेभाऊ आले. दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची उचलली. उंबऱ्यावर ती पुढं कलंडली आणि उद्धवनं घाबरून दत्ताची मान आवळली. मावशी खळखळून हसली. पांढऱ्या नव्या शर्टाला दत्ताच्या बाहीची माती लागली. आत टेकवल्यावर तोही हसला, पण जरा कमी.

तेवढ्यात पूजेला आलेल्या गुरुजींनी घाई केली. मुहूर्त चाललाय, सामान कुठंय, पाणी कुठंय. मामेभाऊ पाणी आणायला पळाला, मनिषा हळदीकुंकवाचं ताट शोधायला गेली, दत्ता अंगणात सिमेंट कालवायला बसला. सगळे उद्धवला विसरले. कुणी मुद्दाम नाही विसरलं. खुर्चीतल्या माणसाला असंच विसरतात.

उद्धव उठायला लागला. मी खांब धरून उभीच होते. म्हटलं, "उठायचं न्हाई. मला असं उठून जाता येतं का?"

तो परत बसला. लाजेनं म्हणा, हट्टानं म्हणा. उंबऱ्याच्या आत, खुर्ची दाराकडं वळवून, हात मांडीवर. त्यानं हाक मारली, दत्ता. दत्ता वळून म्हणाला, थांबा दादा, आलोच. आला नाही, त्याचे हात सिमेंटात होते. थोड्या वेळानं उद्धवनं मनिषाला हाक मारली. ती म्हणाली, अहो थांबा, हातात ताट आहे. चुलीपाशी पुऱ्या तळायला लागल्या होत्या. बाहेर सगळे इकडून तिकडं जात होते आणि जो तो त्याला थांब म्हणत होता, अगदी प्रेमानं. मला हे सगळं नवीन नव्हतं. त्याला होतं.

मी त्याचा चेहरा पाहत होते. आधी तो चिडला. मग इकडंतिकडं बघून हसायचा प्रयत्न केला. मग नुसता बसून राहिला, उंबऱ्यावरच्या कमळांकडं बघत. उंबऱ्याच्या आत तयार होऊन बसलेला माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं आणि त्याला 'ऊठ आता' म्हणावंसं वाटलं. माझ्या रागाला त्याची अपेक्षा नव्हती.

दत्ता शेवटी हात पुसत आला आणि खुर्चीला हात घालायला वाकला. उद्धवनं त्याला थांबवलं.

"करवत आन," तो म्हणाला.

दत्ताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गुरुजी म्हणाले, अशुभ दिसतं. मनिषा ताट धरून उभी राहिली. उद्धव खुर्चीतून उठला नाही. तिथंच बसून म्हणाला, मी तोडायला सांगायलोय, पाप लागलं तर मला लागंल. मग दत्तानं चौकट आडवी केली आणि उंबरा दोन्ही टोकांना कापला. सागवानाचा भुसा ओसरीभर उडाला. दत्ता म्हणाला, पट्टी आणलेलीच हाय. म्हणजे पट्टीही आणली होती, उंबराही केला होता. दोघांनाही हो म्हटलेल्या माणसाची तयारी अशी असते. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी भरपूर बोलले.

चौकट पुन्हा उभी राहिली. आता सवाष्णींपुढं प्रश्न पडला की हळदीकुंकू वाहायचं कुठं. मनिषानं जरा विचार केला, खाली बसली आणि जिथं उंबरा असायचा तिथं जमिनीवरच हळदीकुंकवाचे पट्टे ओढले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणाली, "या अक्का."

उद्धवनं खुर्ची माझ्यापाशी आणून लावली. मागच्या दांड्याला त्याचा हात सवयीनं गेला होता, तो त्यानं काढून घेतला. मी खांब सोडला, बसले आणि चाकं फिरवली. चाकं हळदीवरून गेली, कुंकवावरून गेली आणि मी आत होते. खुर्ची थांबली नाही, कलंडली नाही, कुणी 'सांभाळून' म्हटलं नाही. आतल्या फरशीवर माझ्यामागं दोन पिवळ्या-लाल रेघा उमटत गेल्या. पहिल्या खांबापाशी गेले, खोबणीत बोटं घातली, उभी राहिले. दुसरा हाताशीच होता.

मग परत बसले आणि बाहेर आले. काही काम नव्हतं. बाहेर येऊन ओसरीवरून रस्ता पाहिला आणि पुन्हा आत गेले. आणि पुन्हा बाहेर. बाया कुजबुजायला लागल्या, मावशीनं डोळ्याला पदर लावला, उद्धव अंगणात पाठ करून उभा राहिला. पुऱ्या निवायला लागल्या आणि पंगत माझ्यासाठी खोळंबली.

खोळंबू दे म्हटलं. आणि परत आत गेले.