व्हय म्हणायची जागा

त्या वर्षी जत्रा तोंडावर आली तरी गाऱ्हाणे कोण घालणार हे ठरले नव्हते.

गोव्यात, तुयेजवळच्या त्या वाडीत जत्रेच्या सकाळी सगळा गाव रवळनाथाच्या मंडपात जमतो. एक जण हातात नारळ धरून देवापुढे उभा राहतो आणि गावाच्या वतीने बोलतो. काय चुकले, काय बिघडले, काय सांभाळायचे ते देवाला सांगतो. त्याचे वाक्य संपले की गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” गाऱ्हाणे त्या आवाजाने पुरे होते. नुसते एकट्याचे बोलणे देव ऐकत नाही, असे वाडीत मानतात.

हा मान शांतारामकाकांचा. पण गेल्या जत्रेला राजभाषा कोकणी की मराठी, या वादाचे आंदोलन ऐन भरात होते. काकांनी बोलता बोलता “आमच्या मराठीक यश दी” म्हटले आणि अर्धा मंडप गप्प राहिला. उरलेल्या अर्ध्याने दुप्पट ओरडून ती उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. ते अधिकच वाईट दिसले.

पुढे कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झाले, पेडण्यात मिठाई वाटली गेली. मंडपातली ती शांतता मात्र तशीच राहिली. जयराम कोकणीकडचा, त्याचा चुलतभाऊ बाबुराव मराठीकडचा. दोघांची शेते एकाच खाजणात, खाडीकाठच्या सखल जमिनीत, बांधाला बांध लागून. वाटेत समोरासमोर आले की दोघेही आकाशात काहीतरी शोधू लागत. देवस्थानाच्या बैठकीत बाबुराव म्हणाला, “दोन गाऱ्हाणी घालूया. तुमचां तुमी, आमचां आमी.” जयराम म्हणाला, “माका चलता.” वर्षभरात दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

तेव्हा शांतारामकाका उठले. “यंदा सगुणाक सांगा,” ते म्हणाले. “तो लिवता. एक फावट एकच घालून बघा. गाव फुटलो, तर फुडल्या वर्साक दोन घाला. मी आड येवचंय ना.”

सगुण पेडण्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायचा. त्याच्या कविता दिवाळी अंकांतून येत, आणि घरी तो वाडीतल्या सगळ्यांसारखाच बोले. त्यामुळे दोन्ही बाजू त्याला आपला म्हणत आणि दोन्ही बाजूंच्या चहाच्या हॉटेलांत तो शिरला की बोलणे थांबे. लहानपणापासून तो या मंडपात सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळत आला होता. आपल्या गाऱ्हाण्यावर गाव फुटला तर आपल्याला उभे राहायला जागाच उरणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी तो हो म्हणाला. लिहिणे हे तर आपलेच काम, असे त्याला वाटले.

त्याने ते एका बैठकीत लिहून काढले आणि संध्याकाळी कमलाक्षीला वाचून दाखवले. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. ती आदोळीवर नारळ खवत बसली होती.

“हे रवळनाथा, विद्वेषाच्या या तमात एकात्मतेची ज्योत—”

“व्हय म्हाराजा,” कमलाक्षी म्हणाली.

“अगो, संपूंक ना अजून.”

“माका कशां कळतलां? तुमी दम घेतलात, माका दिसलां जालां.”

त्याने पुन्हा सुरुवात केली. ज्योत उजळली, तिच्या प्रकाशात मने उमलली, मनांच्या पाकळ्यांवर... कमलाक्षीचा हात थांबला. व्हय कुठे म्हणायचे ते हेरत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वाक्य संपले तेव्हा तिचे लक्ष मांजराकडे गेले होते.

“बरां आसा,” ती म्हणाली. “पण ह्याक व्हय कित्याक म्हणूचां? माझ्याकडे खंयची ज्योत?”

“ती प्रतिमा आसा.”

“आसूं दी. देवाक पावतली. मंडपात बाबुरावदादाक पावतली काय बघा.”

रविवारी तो पेडण्याच्या वाचनालयात गेला. तिथे तो हौशी मंडळींना गोष्ट आणि कविता लिहायला शिकवायचा: माणूस कसा उभा करावा, जागा कशी दाखवावी, पेच कुठे टाकावा, कवितेत ओळ कुठे मोडावी. त्या दिवशी सेजल नावाच्या विद्यार्थिनीने आपल्या मावशीवरची गोष्ट वाचली. तिची मावशी मुरगावला राहायची आणि मावशीचा मुलगा बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. गोष्टीच्या शेवटी मावशी त्याची सायकल पुसते, चाकांत हवा भरते आणि परत दारापुढच्या बलकांवाजवळ, बसायच्या ओट्याशी, लावून ठेवते. त्याखाली सेजलने लिहिले होते, ‘मायेला अंत नसतो, हेच खरे.’

“हे शेवटचं वाक्य काढ,” सगुण म्हणाला.

“का, सर?”

“हवा भरली तिथं गोष्ट संपली. पुढचं वाक्य वाचणाऱ्याचं. तू ते त्याच्या तोंडातून काढून घेतेस.”

“पण सर, मला तेच सगळ्यात आवडतं!”

“ते दिसतंच आहे.”

बाकीचे हसले. सेजलने नाइलाजाने रेघ मारली. परतीच्या बसमध्ये सगुणला मात्र हसू येईना. ज्योत, पाकळ्या, तम, सगळे त्याने स्वतःच म्हणून टाकले होते. गावाला म्हणायला काही ठेवलेच नव्हते.

घरी येऊन त्याने कागद बाजूला ठेवला आणि वर्षात वाडीत खरोखर काय घडले ते आठवू लागला. सर्वांनी पाहिलेले आणि कुणीच नाकारणार नाही असे काय? चतुर्थीनंतर मानशीचे दार मोडले होते. खाडीचे पाणी खाजणात येऊ नये म्हणून असलेले ते लाकडी दार. दरवर्षी त्याची डागडुजी सगळा गाव मिळून करायचा. यंदा जयरामची माणसे म्हणाली, त्यांना आधी येऊ द्या. बाबुरावची माणसे तेच म्हणाली. भरतीचे पाणी मात्र कुणासाठी थांबले नाही. दोघांचेही भात करपले.

तेवढे त्याने घरच्या बोलीत मांडले. आणि शेवटी एक वाक्य सुचले, ते सुचताच तो खोलीत एकटाच हसला: ‘शिरताना पाण्यान कोणाची भास इचारली ना.’ त्याने ते कमलाक्षीला ऐकवले. तीही हसली.

“ह्याक टाळयो पडतल्यो,” ती म्हणाली.

जत्रेच्या सकाळी मंडप भरला. जयराम डाव्या खांबाजवळ, बाबुराव उजव्या. त्यांच्यामागे त्यांची माणसे, मध्ये पायवाटेएवढी मोकळी जागा. गाऱ्हाणे कागदावरून वाचत नाहीत, म्हणून सगुण मोकळ्या हातांनी आला होता. शांतारामकाकांनी त्याच्या हातात नारळ दिला आणि ते मागे सरकले.

“बा देवा रवळनाथा! आज तुझी जत्रा. लेकरां-बाळां घेवन गाव तुझ्या दारात आयलो आसा.”

“व्हय म्हाराजा!” आवाज आला, पण विस्कळीत. काही जण इकडे तिकडे बघत होते.

“पाऊस तुवें बरो दिलो.”

“व्हय म्हाराजा!”

“भात पोटरेक आयलां. आणि मानशीचां दार मोडलां.”

आवाज खाली गेला. म्हणाले सगळे, पण जपून. पुढे कुणाचे नाव येते याची वाट पाहत. जयरामने मान खाली घातली होती. बाबुराव सगुणकडे रोखून बघत होता.

“दार कोणी बांदूंक ना,” सगुण म्हणाला. “खारां पाणी शेतात शिरलां.”

आता ते वाक्य. ते जिभेवर तयार होते. पण जयरामची वाकलेली मान त्याला दिसली, आणि या वाक्यावर हसू येईल ते आधी कोणत्या बाजूने येईल, हा विचार त्याच्या मनात आला. तो थांबला.

त्या थांबण्यात गावाने आपली जागा ओळखली.

“व्हय म्हाराजा!”

दोन्ही खांबांकडून. मंडपाच्या पत्र्याखाली आवाज घुमला आणि शांतारामकाकांनी डोळे पुसले. सगुणने ते वाक्य गिळले. “फुडल्या भरतेआदी दार बांदूची बुद्धी दी,” एवढे म्हणून त्याने नारळ देवापुढे ठेवला. पुन्हा तोच आवाज आला, या वेळी जरा घाईचाच, कारण प्रसादाची वेळ झाली होती.

माणसे पांगू लागली. जयराम खांबाकडे बघत म्हणाला, “दाराक फळयो जाय पडतल्यो.”

बाबुराव दुसऱ्या खांबाला म्हणाला, “फणसाच्यो आसात माझ्याकडे.”

दोन्ही खांब गप्प राहिले. पण दोन गाऱ्हाण्यांची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही.

घराच्या वाटेवर कमलाक्षीने विचारले, “तां भाशेचां वाक्य खंय गेलां?”

“गावान म्हणूंकच दिलां ना.”

“बरां जालां.”

मग सगुण म्हणाला, “वाक्य बरां आशिल्लां पण.”

“आशिल्लां,” कमलाक्षी म्हणाली, आणि प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला.